पाद्रीकाकांच्या चुकीच्या व्युत्पत्त्या

बाबा पडले तेव्हा त्यांच्या हातात हेरिंगची ताटली होती. ताटली फुटली, मासे जमिनीवर पसरले, आणि बाबा खुर्चीवरून सावकाश, कुणी खांद्याला धरून खाली बसवावं तसे, उजव्या अंगावर कलंडले. मी धावले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मो ख्रेख.”

आमच्या उइस्ट बेटावर हे कुणीही, कशालाही म्हणतं. दूध उतू गेलं, मो ख्रेख. बोट चुकली, मो ख्रेख. शेजारी वारला तरी मो ख्रेखच, फक्त हळू आवाजात. त्यामुळे मला वाटलं, ताटलीबद्दल म्हणतायत.

“राहू द्या हो ताटलीचं. उठा बघू.”

“मो ख्रेख,” ते पुन्हा म्हणाले. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती.

मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. त्यांना हेलिकॉप्टरने मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि जीव वाचला. उजवा पाय थोडाफार परत आला, उजवा हात फारसा नाही. बोलणं मात्र पार गेलं. पाणी हवं असलं तरी मो ख्रेख, खिडकी लावायची असली तरी मो ख्रेख. नर्स हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणाली की तितक्याच हसऱ्या चेहऱ्याने मो ख्रेख.

आता ‘क्रेख’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. क्रेख म्हणजे धाड. पूर्वी एका खोऱ्यातली माणसं दुसऱ्या खोऱ्यावर चालून जायची आणि तिथली गुरं हाकून आणायची, ती क्रेख. ‘मो’ म्हणजे माझी, आणि त्याच्या मागे क्रेखचं ख्रेख होतं. ‘मो ख्रेख’ म्हणजे माझी लूट झाली, मी नागवलो. माझे बाबा, याखन मॅकास्किल, शाळेत गेलिक, म्हणजे आमची बेटावरची भाषा, शिकवायचे, आणि असल्या शब्दांचाच त्यांना जन्मभर नाद. आमच्या घराण्याला वस्तीत अजून ‘धाडवाल्यांचे’ म्हणतात. कुणी, कुणाची गुरं, कधी पळवली, कुणाला पत्ता नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. लहानपणी त्यावरून मुलांनी चिडवलं, आणि बाबा त्या शब्दांच्या मागे लागले. लूट, धाड, पाठलाग, दरोडा. कुठला शब्द कुठून आला, लॅटिनमधून का नॉर्स लोकांकडून, का आयर्लंडहून होडीत बसून. जेवतानाही तेच. आई होती तोवर म्हणायची, “याखन, आज जरा कुणाला लुटू नका, सूप गार होतंय.”

त्यांच्याकडे आता त्यातला एकच शब्द उरला होता.

*

हॉस्पिटलात वाचा परत आणायचे उपचार करणारी एक बाई होती, फिलिपा नावाची. यॉर्कशायरची, नीटनेटकी, थकलेली. तिने बाबांना चित्रं दाखवली. कप. कुत्रा. छत्री. इंग्रजीत विचारलं, “हे काय?” बाबांनी प्रत्येक चित्राला एकच उत्तर दिलं. तिने कागदावर काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं: ‘एकच निरर्थक उच्चार.’

“निरर्थक नाहीये तो,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“ते म्हणतायत, माझी लूट झाली.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. तिच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढली. “यांची भाषा इंग्रजी नाही का?”

“इंग्रजी येतं त्यांना. तुमच्यापेक्षा बरं येत असेल. पण पहिली भाषा नव्हे ती.”

दुसऱ्या कुणी वाद घातला असता, नियम दाखवले असते. फिलिपाने पेन उचललं, लिहिलेलं खोडलं आणि म्हणाली, “मग मी चुकीच्या घराचं दार वाजवत होते. तुम्ही बसा इथे. मी विचारते, तुम्ही तुमच्या भाषेत विचारा.”

त्या दिवशीही चित्रांना उत्तर एकच आलं. पण छत्रीच्या चित्राला बाबा पहिल्यांदा ओठ मिटून थांबले, काहीतरी शोधल्यासारखे. फिलिपाने ते टिपलं. आम्ही घरी निघालो तेव्हा तिने मला दाराशी गाठलं. “शिकवू नका त्यांना. लहान मुलासारखं तर मुळीच नको. ज्या गोष्टीवरून ते भांडायचे, हसायचे, तिथे घेऊन जा. राग, हसू, गाणं, हे जरा वेगळ्या वाटेने येतं. आणि शब्द अडला तर तुम्ही पुरा करू नका. थांबा.”

थांबणं मला जमत नाही. मी शाळेची बस चालवते. उशीर झाला की बेटभर बोभाटा होतो. पण मान हलवली.

*

घरी आल्यावर बाबांनी कुणाला भेटायचं नाही असं ठरवलं. म्हणजे बोलून सांगितलं असं नव्हे. कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून बसायचे. ज्या माणसाच्या तोंडून कधी शब्द सुटायचा थांबला नाही, त्याने लोकांसमोर एकच रडगाणं गावं, हे त्यांना सोसत नव्हतं. डोलीना शेजारीण अंडी घेऊन आली आणि दारातूनच परत गेली.

फक्त पाद्रीकाका परत गेले नाहीत. उश्जन त्यांचं नाव, निवृत्त पाद्री. घर आमच्या खालच्या अंगाला, पुळणीला लागून. तीन-चार गाई पाळलेल्या, त्यांच्यावर चर्चच्या मंडळींपेक्षा जास्त जीव. बाबा आणि ते शाळेपासूनचे दोस्त, आणि शाळेपासून भांडतायत. बाबा चर्चला जात नसत, काका त्यांना सोडत नसत.

पहिले काही दिवस काका हळू आवाजात बोलले. हवा, गाई, कुणाचं लग्न. मग प्रार्थना. बाबा भिंतीकडे. मग एका सकाळी मी चुलीवर ओटची पेज ढवळत होते, आणि काका अगदी सहज म्हणाले, “याखन, मी काल विचार करत होतो. आपला ‘स्पून’ शब्द आहे ना, लुटणे या अर्थाचा. तो इंग्रजीतल्या चमच्यावरूनच आला असणार. स्पून. चमचा-चमचा करून दुसऱ्याचं खाणं. बरोबर ना?”

माझा हात थांबला. इतका मूर्खपणा पाद्रीकाकांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. माणूस लॅटिन शिकलेला.

भिंतीकडचं डोकं हळूहळू वळलं. बाबांचे डोळे बटणासारखे गोल झाले होते.

“मो ख्रेख,” ते म्हणाले. पण हा वेगळा मो ख्रेख होता. याला धार होती.

“चमचाच रे. दुसरं काय असणार?”

बाबा डाव्या हाताने खुर्चीचा हात धरून उठले. पाय फरफटत कपाटापर्यंत गेले. लॅटिनचा जाडजूड कोश ओढला. तो हातातून निसटून पडणार होता, मी पुढे झाले, तर त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं. तो कोश त्यांनी काकांच्या मांडीवर आदळला. काका कळवळले. “अरे, आई गं! माझा गुडघा!”

बाबांनी एका हाताने पानं उलटली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. स्पोलिया. पडलेल्या शत्रूच्या अंगावरून उतरवून घेतलेलं चिलखत. त्याच्याही आधी, जनावराचं सोललेलं कातडं.

“असं होय,” काका म्हणाले. “मला आपला चमचा वाटला.”

जाताना मी त्यांना बाहेर गाठलं. “काका, तुम्ही मुद्दाम केलंत.”

“मी? छे.”

“पाद्री असून खोटं बोलता?”

“देव माफ करेल गं बेहाक,” ते टोपी डोक्यावर चढवत म्हणाले. “तुझा बाप करणार नाही. तीच तर आशा आहे.”

*

मग रोजचंच झालं. काका यायचे, चहा घ्यायचे आणि एक भयानक व्युत्पत्ती सोडायचे. क्रेख म्हणे क्रिकेटवरून आला. इंग्रज लोक पाच-पाच दिवस लोकांचा वेळ लुटतात म्हणून. ‘स्लोगन’ हा शब्द तर हातगाडीवर विकणाऱ्या एका माणसाचं आडनाव होतं म्हणे. त्या दिवशी बाबा इतके लाल झाले की मला रक्तदाबाची गोळी द्यावी की काय वाटलं. स्लोगन हा आमचाच शब्द, लढाईला निघालेल्या जमावाची आरोळी. धाड आली की जी घोषणा डोंगराडोंगरांतून घुमायची, ती. आज दुकानात साबण विकायला वापरतात. बाबा या शब्दावर पूर्वी तासभर बोलायचे. आता त्यांनी मूठ आवळून छातीवर आपटली, तोंड उघडलं, आणि गळ्यातून नुसता आवाज आला. कसलाही शब्द नाही, पण आरोळी नक्की. बाहेर कुत्रा भुंकायला लागला.

“हां, आता कळलं,” काका म्हणाले. “आरोळी.”

पहिला खरा शब्द आला तो गाईंवरून. आम्ही गुरांना ‘स्प्रे’ म्हणतो. काकांनी खारवलेलं हेरिंग आणि बटाट्यांवर ताव मारता मारता सांगितलं, की गुरांवर गोचिडीचं औषध फवारतात, म्हणून त्यांना स्प्रे म्हणतात, आणि हे कुठल्याही पोराला कळेल.

“नाही!”

मी चुलीपाशी पेज ढवळत होते. वळले. काकांच्या हातातला काटा ताटलीच्या वर तसाच राहिला.

“नाही,” बाबा पुन्हा म्हणाले, या वेळी स्वतःच दचकून. मग कपाळाला आठ्या घालून, विहिरीतून बादली ओढावी तसं, “ला. ला. लॅ…”

मी तोंड उघडलं. शब्द माझ्या जिभेवर होता. काकांनी हातातला काटा माझ्यावर रोखला.

“लॅटिन,” बाबा म्हणाले.

“लॅटिनमध्ये फवारणी होती?” काकांनी विचारलं, आणि मान खाली घालून बटाटा सोलायला घेतला, सोललेलाच बटाटा.

पेज करपली. आम्ही तिघांनी तशीच खाल्ली.

*

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. शरद ऋतूत वारे सुटले, दिवस आखडले, आणि बाबांचंही तसंच. जे शब्द परत आले ते आधी लुटालुटीचेच आले, कारण रस्ता त्यांचाच मळलेला. त्यामुळे घरात भलतीच मजा. चहा हवा असला की ‘स्पून’. चप्पल हवी असली की ‘तॉर’. तॉर म्हणजे पाठलाग, गुरं पळवली की मागे धावणारी माणसं. आयर्लंडात तोच शब्द पुढे जंगलात दडून धाडी घालणाऱ्यांना चिकटला, आणि तिथून लंडनच्या पार्लमेंटात शिवी म्हणून गेला. तेच ते टोरी. काकांनी एकदा टोरी हा शब्द टॉवरवरून आला, फार उंच आणि सज्जन शब्द आहे, असं सांगून पाहिलं. बाबांनी डाव्या हाताने टेबल बडवून एकेक शब्द वेगळा ठेवला: “आयर्लंड. तॉर. चोर!” आणि मग तिघं इतके हसलो की बाबांना ठसका लागला.

पण कधीकधी ते माझ्याकडे बघून बोलायला जायचे, शब्द यायचा नाही, आणि डोळे भरायचे. एकदा कप फेकला. कप माझ्या आईचा. तुकडे मी गोळा करत असताना ते खाली वाकायला धडपडत होते, जमत नव्हतं, आणि मला हाक मारत होते. माझं नाव त्यांना येत नव्हतं. बेहाक, साधं नाव. त्यांनी तोंड तीन-चार प्रकारे वळवलं आणि शेवटी म्हणाले, “स्प्रे.”

“गुरं?” मी म्हटलं. “मी गुरं?” माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, म्हणून आवाज चढला. “बस झालं, बाबा. पोरगी आहे मी तुमची.”

त्यांनी चेहरा हाताने झाकला.

दुसऱ्या दिवशी मी हे काकांना सांगितलं, बाबांच्या समोरच. मला अजून राग होता. काका हसले नाहीत. “याखन,” त्यांनी विचारलं, “मी आज खरं सांगतो. सांगू?”

बाबांनी मान हलवली.

“लॅटिनमध्ये ‘प्राएदा’ म्हणजे लूट,” काका मला म्हणाले. “तो शब्द इकडे आला तेव्हा लूट म्हणजे गुरंच. दुसरं काय होतं कुणाकडे? मग होता होता पळवलेली गुरं असा अर्थ राहिलाच नाही. नुसती गुरं झाली. गोठ्यातली, नावं ठेवलेली. माझी ब्लारक गाय आहे ना, ती स्प्रे. आणि आयर्लंडात तर मुलीला लग्नात जे देतात, त्याला तो शब्द. घरातलं जे काही मोलाचं ते.” त्यांनी बाबांकडे पाहिलं. “तुला हेच म्हणायचं होतं, का नुसताच घसरलास?”

बाबांनी बराच वेळ विचार केला. डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे.

“घसरलो,” ते म्हणाले.

काका खो-खो हसत सुटले. मीही. नवा शब्द होता तो, आणि अगदी खरा. पण त्या दिवसापासून बाबा मला स्प्रे म्हणूनच हाक मारायला लागले, आणि मीही ओ द्यायला लागले.

*

वसंत ऋतूच्या तोंडाशी एक वादळ झालं. उधाणाच्या भरतीचे दिवस होते. वादळ सरल्यावर दुपारी मी बस शाळेजवळच्या वळणावर उभी करून थर्मासमधला चहा पीत होते. शाळा सुटायला अवकाश होता. फोन वाजला. घरचा नंबर.

आजारपणानंतर बाबांनी फोन उचललाही नव्हता. लावणं तर दूरच.

“बाबा?”

पलीकडे श्वास.

“बाबा, बरं वाटत नाहीये का?”

“स्प्रे.”

“हो, मीच. बोला.”

“नाही! स्प्रे!” फोनवर काहीतरी आपटल्याचा आवाज. “स्प्रे. स्प्रे. मो ख्रेख! उ… उ…”

मला म्हणायचं होतं, घाबरू नका, मी येते, झोपून राहा. फिलिपाचं ‘थांबा’ आठवलं आणि मी दात दाबून गप्प बसले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब थांबणं.

“उश्जन,” बाबा म्हणाले. “पुळण. पाणी. तॉर! तॉर!”

गुरं. उश्जन. पुळण. पाणी. मागे जा.

मी चहा खिडकीतून फेकला आणि बस वळवली. वाटेतच डोलीनाला फोन केला. तिच्याकडे शेतातली चारचाकी बाइक आहे. “पाद्रीकाकांच्या गाई पुळणीवर आहेत, भरती चढतेय.”

“तुला कसं कळलं?”

“बाबांनी सांगितलं.”

“कुणी?” ती म्हणाली, आणि मग, “निघाले.”

पुळणीच्या टोकाला बस उभी केली आणि बाबांना वरच्या खिडकीतून दिसलं होतं ते सगळं मला दिसलं. वादळाने काकांचं कुंपण आडवं केलं होतं. गाई मधल्या वाळूच्या उंचवट्यावर, लाटांनी टाकलेलं समुद्रशेवाळ चघळत, जत्रेला आल्यासारख्या निवांत. त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या घळीत पाणी भरत होतं. त्या पाण्याला आवाज नसतो. बघावं तेव्हा वाळू असते, आणि पुन्हा बघावं तेव्हा नसते. आणि काका गाईंपाशी, काठी घेऊन, ब्लारकच्या शिंगाला धरून ओढत होते. समोर गाई, पाठीमागे पाणी. मान मागे वळवायला त्यांना सवड नव्हती.

“काका!” मी ओरडले. वारा समोरून.

मी घळीत उतरले. पाणी मांडीपर्यंत आणि इतकं गार की श्वास आत जाऊन अडकला. पलीकडे पोचले तेव्हा काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“बेहाक! ती येतच नाही गं. शेवाळ सोडत नाही.”

“सोडा तिला! चला!”

“नाही सोडणार.”

“काका, पाणी बघा!”

त्यांनी वळून पाहिलं. पण शिंग सोडलं नाही.

तेवढ्यात किनाऱ्यावर डोलीनाची बाइक येऊन थांबली. ती बाई पाण्यात उतरली नाही, ओरडली नाही. तिने बाइकवरची खुराकाची बादली काढली आणि एका दगडाने खणखण वाजवायला लागली. ब्लारकचे कान उभे राहिले. शेवाळ तोंडातून लोंबत असतानाच तिने मान वर केली, आणि जणू आम्हीच तिला अडवून ठेवलं होतं अशा थाटात पाण्यात शिरली. बाकीच्या तिच्या मागे.

“शेपटी धरा!” डोलीना ओरडली. हे मात्र ऐकू आलं.

काकांनी ब्लारकची शेपटी धरली. मी काकांचा कोट धरला. पाणी आता कमरेच्या वर होतं, मधोमध पाय सुटले, आणि ती केसाळ, हट्टी गाय आम्हा दोघांना ओढत पोहत पलीकडे घेऊन गेली. पाद्रीकाका सगळा वेळ काहीतरी पुटपुटत होते. प्रार्थना असेल असं मला वाटलं. नंतर कळलं, ते ब्लारकला शिव्या देत होते.

वर गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं. बाबा. घरापासून एकटे, काठी टेकत, चपलांवर, कोटाविना. झटका आल्यापासून ते अंगणाबाहेर आले नव्हते. ते ओरडत होते, आणि वारा उलटा असूनही, आम्ही आता काठाला लागल्यामुळे, सगळं ऐकू येत होतं.

“मो ख्रेख! मो ख्रेख! मो ख्रेख!”

एवढं चपखल ते कधीच म्हणाले नव्हते.

*

पोरांना घ्यायला मी उशिरा पोचले, तेही ओल्या पँटने. मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, गुरं पळाली होती. आमच्याकडे एवढं कारण पुरतं.

घरी परतले तेव्हा काका पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळणाऱ्या चुलीशी गोधडीत गुंडाळून बसले होते, बाबांचा पायजमा घालून, हातात व्हिस्की घातलेला चहा. डोलीनाने ओटच्या भाकऱ्या भाजल्या होत्या आणि ती आपल्या घरच्यासारखी लोणी शोधत होती. बाबा समोर. भिंतीकडे नव्हे.

“याखन,” काका म्हणाले, “एक कबूल करायचंय. तो चमचा, ते क्रिकेट, फवारणी. मी सगळं मुद्दाम बोलत होतो.”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. “माहीत होतं.”

“केव्हापासून?”

“चमचा.”

“मग कोश माझ्या गुडघ्यावर का आपटलास, गाढवा?”

बाबांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. उजवीही थोडी गेली, मी पाहिलं. “मजा,” ते म्हणाले.

डोलीना लोणी हातात घेऊन हसत राहिली. काकांनी चहाचा घोट घेतला. “बरं, आता खरं विचारतो. मला खरंच माहीत नाही. बाकीच्यांचं ठीक आहे, हा लॅटिनचा, तो आयर्लंडचा. पण क्रेख? तो कुठून आला? तू शाळेत असल्यापासून दर वेळी काहीतरी वेगळंच सांगत आलायस.”

बाबा चुलीकडे बघत राहिले. पूर्वी असते तर लगेच सुरू झाले असते, आयरिश भिक्षू, जुन्या पोथ्या, हा पंडित असं म्हणतो आणि तो तसं, पण दोघंही चूक. आम्ही तिघं थांबलो. डोलीनाही, आणि ती तर माझ्यापेक्षा उतावळी. बाहेर कुंपणापलीकडे ब्लारक हंबरली. बाबांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“मला,” ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. “मला. ते. माहीत नाही.”

वाक्य होतं ते. पहिलं. कर्ता होता, कर्म होतं, आणि शेवटपर्यंत पोचलं होतं. पाद्रीकाकांनी गोधडीतून हात बाहेर काढला आणि बाबांच्या निकामी हातावर ठेवला.

“इतकी वर्षं लागली रे तुला हे म्हणायला,” ते म्हणाले.

“आणि… कुणालाच,” बाबा म्हणाले, बोट वर करून. त्यांना पुढचं सांगायचं होतं, की हा शब्द कुठून आला ते पंडितांनाही नीट ठाऊक नाही. ते त्यांनी दोन भाकऱ्या संपेपर्यंत, एकेक शब्द टेबलावर मांडत, शेवटी सांगितलंच.

*

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. काकांचं कुंपण उभं करायचं होतं. काका सर्दीने बेजार, म्हणून डोलीना आणि मी गेलो. मी खांब धरला होता, ती घण घालत होती. मागून काठीचा आवाज आला. बाबा. या वेळी बूट घालून, आणि बूट बरोबर पायांत होते.

“घरी बसा की, बाबा. वारा आहे.”

त्यांनी ऐकलं नाही. आडव्या पडलेल्या खांबावर बसले, खिळ्यांचा डबा मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने एकेक खिळा काढून द्यायला लागले. थोड्या वेळाने डोलीनाकडे हात करून म्हणाले, “ते. ते दे. ते…”

“घण?” डोलीना म्हणाली.

मी तिच्याकडे डोळे वटारले. ती गप्प झाली.

बाबांनी तोंड उघडलं. आधी “स्पून” आलं. त्यांनी स्वतःच मान हलवली, नाही. मग “तॉर”. पुन्हा नाही. त्यांना राग आला नाही. ते डबा मांडीवर धरून, समुद्राकडे तोंड करून, उन्हात डोळे बारीक करून शोधत बसले. आम्ही दोघी खांब धरून उभ्या राहिलो. आम्हाला काही घाई नव्हती.